झोपू द्या तिला

पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेविषयी आमच्या वसईत हल्ली कोणी फारशा गांभीर्याने बोलत नाही. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात कोणाची विचारपूस करावी, तर "काही नाही हो, चार भोके पाडली, तिसऱ्या दिवशी घरी" एवढे उत्तर मिळते आणि बोलणे पुन्हा पाऊसपाणी, वाडीतली केळी किंवा विरार लोकलची गर्दी यांकडे वळते. २०१९ सालच्या मार्च महिन्यापर्यंत आम्हीही असेच बोलत असू. त्यानंतर मात्र हे वाक्य कानी पडले की आम्ही गप्प होतो. त्या गप्प होण्यामागे एक लाजिरवाणी आठवण आहे. ती आजवर कोणापाशी काढली नव्हती. ती आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

(येथे 'आम्ही' म्हणजे एकटा लेखकच समजावा. धर्मग्रामाच्या शाळेत ३२ वर्षे विज्ञान शिकविताना फळ्यासमोर उभे राहून "आता आपण पाहू या" म्हणण्याची जी सवय जडली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.)

प्रकरण सुरू झाले २०१८ च्या नाताळात. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून घरी आलो, फराळ झाला, दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांबरोबर मटणाचे जेवण झाले, आणि संध्याकाळी आमच्या पत्नीच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली. ती पाठीत, खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाऊ लागली. घरच्या रिवाजाप्रमाणे आम्ही तिला "पित्त झाले" असे सांगून लिंबू-सोडा पाजला. जानेवारीत तसेच झाले, फेब्रुवारीत दोनदा झाले. सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशयात खडे दिसले, आणि उपवासकाळ सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली. उपवासकाळात नाही तरी तेलकट-तुपकट वर्ज्यच असते, असा विनोदही आम्ही केला.

आम्ही निर्धास्त होतो याला कारण होते. १९८६ साली आमच्या मातोश्रींची हीच शस्त्रक्रिया झाली होती. बरगडीच्या कडेने वीतभर छेद, दहा-बारा दिवस इस्पितळात मुक्काम आणि पुढे दोन महिने घागर उचलायची नाही, असा तो काळ. खोकताना त्या पोटाशी उशी घट्ट धरीत आणि डोळ्यांत पाणी येई. त्या मानाने आजची पद्धत म्हणजे चमत्कारच. आणि तो चमत्कार त्याच सुमारास परदेशात आकार घेत होता, हे आम्हांला नंतर वाचून कळले. एरिख म्यूहे या जर्मन शल्यविशारदाने बोब्लिंगेन गावी १२ सप्टेंबर १९८५ रोजी दुर्बिणीच्या साह्याने पहिल्यांदा पित्ताशय काढले. त्याच्या स्वकीयांनी त्याची वाहवा केली नाही, उलट त्याला बरेच सोसावे लागले. १९८७ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे फिलिप मूरे यांनी हीच गोष्ट केली, आणि मग ती जगभर पसरली. आपल्याकडे १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया केली. पोटात दुर्बीण घालून निदान करण्याचे काम तर ते तेथे १९७२ पासूनच करीत होते. म्हणजे मातोश्रींच्या पोटावर वीतभर छेद घेतल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, वसईपासून लोकलच्या अंतरावर, ही सोय आली होती. दैवाचे हे गणित आम्हांला तेव्हा ठाऊक असते तर हळहळ वाटली असती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तपासायला आले. मध्यम वयाचे, कमी बोलणारे गृहस्थ. दमा आहे का, जिना चढताना धाप लागते का, दात हलतात का, असे एकेक विचारीत ते कागदावर टिपून घेत होते. शेवटी त्यांनी विचारले, "झोपेत घोरता का?" पत्नी चटकन म्हणाली, "नाही, नाही." त्यांनी आमच्याकडे पाहिले. वाचकहो, लग्नाला ३५ वर्षे झाली होती. त्या घोरण्याने आमच्या किती रात्री जागत गेल्या होत्या आणि किती वेळा आम्ही तिला हलवून कुशीवर वळविले होते, याचा हिशेब नाही. परंतु परक्या माणसासमोर, तीही नको नको म्हणत असताना, बायको घोरते असे कसे सांगावे? आम्ही खिडकीबाहेर पाहिले. डॉक्टरांनी 'नाही' अशी खूण केली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तिला आत नेले. त्यापूर्वी अंगावरचे दागिने काढून आमच्या हाती देण्यात आले. त्यांत मारियामातेचे पदक असलेली एक बारीक सोन्याची साखळी होती. ती तिच्या आईने लग्नात दिलेली. गळ्यात इतकी सैल की कामात असताना पदक नेहमी खांद्यावर गेलेले असायचे. ती आम्ही रुमालात बांधून खिशात ठेवली. तासाभराचे काम आहे असे सांगितले होते. प्रत्यक्षात साडेतीन तास लागले. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले की पित्ताशय जुन्या सुजेमुळे आजूबाजूला चिकटून बसले होते, एका छिद्रातील नळी वारंवार निसटत होती, ती पुन्हा पुन्हा बसवावी लागली. परंतु छेद वाढविण्याची वेळ आली नाही, सर्व ठीक झाले. आम्ही त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले.

दीड वाजता तिला खोलीत आणले. हाक मारल्यावर तिने डोळे उघडले, "झालं का?" असे विचारले, आणि ती पुन्हा झोपली. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. बोटाला लावलेल्या चिमट्याची तार एका छोट्या यंत्राला जोडली होती आणि त्यावर हिरव्या आकड्यांत ९८ दिसत होते. आमच्या मुलीने सांगितले की हा आकडा १०० च्या जवळ असला म्हणजे रक्तात प्राणवायू पुरेसा आहे. तेव्हापासून आम्ही पत्नीकडे कमी आणि त्या आकड्याकडे जास्त पाहू लागलो. ९८, ९७, पुन्हा ९८. आम्हांला तो परीक्षेतील गुणांसारखा वाटत होता, हे कबूल केले पाहिजे.

अडीचच्या सुमारास एक तरुण परिचारिका आली. मुलगीच ती, विशीतली. तिने रक्तदाब घेतला, आकडे लिहिले आणि पत्नीच्या खांद्याला हात लावून ती "मावशी, मावशी" अशी हाक मारू लागली. आम्ही खुर्चीतून उठून तिला थांबविले. "रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही तिचा," आम्ही म्हणालो. "झोपू द्या तिला." मुलगी घुटमळली. "काका, एकदा बोलून बघते." आम्ही आवाज थोडा चढविला. ३२ वर्षे वर्ग गप्प केलेला तो आवाज होता. ती निघून गेली. आम्ही पडदा ओढला, भेटीला आलेल्या नातेवाइकांना ओठांवर बोट ठेवून बाहेरच थांबविले आणि समाधानाने पत्नीच्या उशाशी बसलो. एवढी शांत झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. ती घोरतही नव्हती. मुलगी एकदा म्हणाली, "पपा, मम्मीचा चेहरा सुजल्यासारखा वाटतो ना?" आम्ही म्हणालो, "सलाइनमुळे असेल."

सव्वातीनला पत्नीची थोरली बहीण आली. ताईंना आम्ही ओठांवर बोट ठेवून थांबवू शकत नाही. ते आजवर कोणालाच जमलेले नाही. त्या आल्या, त्यांनी बहिणीकडे पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "भावोजी, हिची साखळी कुठे आहे?" गळा ओका असलेला त्यांना खपेना. आम्ही रुमाल सोडला. ताईंनी मानेमागे हात घालून साखळी बांधली आणि त्यांचे हात तेथेच थबकले. जी साखळी एरवी छातीवर लोंबायची, ती मानेला घट्ट बसली होती. त्यांनी ती सैल करण्यासाठी गळ्याजवळ बोटे सरकविली आणि एकदम मागे घेतली. "अहो, इथे कातड्याखाली काहीतरी कुरकुरतंय." आम्ही हात लावला. पातळ कापडाखाली कुरमुरे पसरले असावेत आणि बोट दाबले की ते चुरावेत, तसे गळ्यापासून थेट गालापर्यंत जाणवत होते. ताईंनी बहिणीला हाक मारली, मग हलविले, मग गालावर चापट मारली. पापण्या अर्ध्या उघडल्या, ओठ पुटपुटले आणि पुन्हा सर्व शांत झाले. यंत्रावर आकडा होता ९७.

त्यानंतरची दहा मिनिटे आम्हांला सलग आठवत नाहीत. ती तरुण परिचारिका धावत आली हे आठवते. भूलतज्ज्ञ आले, त्यांनी हिरव्या आकड्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मनगटावरचे घड्याळ पुढे धरून ते पत्नीच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट पाहत राहिले. त्या मिनिटात खोलीत कोणी हालले नाही. "नऊ," ते म्हणाले. त्यांनी पलंगाच्या पायथ्याचा तक्ता उचलला. श्वासाच्या रकान्यात आल्यापासून प्रत्येक वेळी १८ लिहिलेले होते. ते काही बोलले नाहीत. मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासायला पाठविले. पाच-सात मिनिटांत उत्तर आले. रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ असावा लागतो; तिचा ७६ होता.

"श्वासनलिकेत नळी घालून यंत्रावर ठेवावे लागेल, सर," ते म्हणाले. "सही हवी." आम्ही सही केली. आपले नाव इतक्या वाकड्या अक्षरांत आम्ही पूर्वी कधी लिहिले नव्हते.

रात्री अतिदक्षता विभागाच्या बाहेरील बाकावर आम्ही बसून होतो. ताई जपमाळ म्हणत होत्या, मुलगी त्यांना उत्तर देत होती. आम्हांला शब्द सुचत नव्हते. दहाच्या सुमारास भूलतज्ज्ञ बाहेर आले आणि आमच्या शेजारी बाकावर बसले. आम्ही विज्ञानाचे शिक्षक आहोत हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. त्यांनी क्ष-किरण चित्राच्या पाकिटाच्या पाठीवर पेनाने पोटाची आकृती काढली आणि समजावून सांगू लागले. आयुष्यात प्रथमच आम्ही बाकावर आणि दुसरा कोणी फळ्यापाशी, असे झाले.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या पोकळीत जागा करण्यासाठी वायू भरतात. तंबूत हवा भरल्यासारखे पोट फुगते आणि आतील अवयव सुटे दिसतात. हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आपल्या गोटी सोड्यातलाच. तोच का? कारण तो जळत नाही, त्यामुळे आत विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या डागता येतात. आणि तो रक्तात चटकन विरघळतो, फुप्फुसांपर्यंत जातो आणि उच्छ्वासावाटे निघून जातो. साधी हवा रक्तवाहिनीत शिरली तर तिचा बुडबुडा तेथेच अडून बसण्याचे भय अधिक. रिखार्ड झोलिकोफर या स्विस वैद्याने १९२४ मध्येच या वायूची शिफारस केली होती. म्हणजे या शस्त्रक्रियेची सुरक्षितता रुग्णाच्या श्वासावर टेकलेली आहे: पोटात भरलेला वायू शेवटी फुप्फुसांनीच बाहेर टाकायचा असतो.

एरवी हे बिनबोभाट होते. भूल दिलेली असताना यंत्र थोडे अधिक जोराने श्वास देते, भूलतज्ज्ञ उच्छ्वासातील वायू मोजत असतो, शेवटी पोटातला वायू सोडून देतात आणि रुग्ण उठतो. परंतु क्वचित असे होते की नळी निसटल्यामुळे किंवा शस्त्रक्रिया लांबल्यामुळे वायू पोकळीत न जाता पोटाच्या भिंतीच्या थरांत शिरतो आणि कातड्याखालून वर सरकत छाती, मान, गाल येथवर पोहोचतो. पोटातला वायू काढून टाकला तरी हा साठा तसाच राहतो आणि पुढे कित्येक तास रक्तात मुरत राहतो. यंत्र काढलेले असते. आता तो बाहेर टाकण्याचे सारे ओझे रुग्णाच्या स्वतःच्या श्वासावर पडते. आणि तो श्वास तर भुलेने, वेदनाशामक औषधाने, पोटाच्या दुखण्याने मंदावलेला असतो. झोपेत ज्यांचा श्वास मुळातच अडतो, त्यांचा अधिकच.

"म्हणजे घोरणाऱ्यांचा," आम्ही म्हणालो.

"हो. त्यांचाही," ते म्हणाले. आमच्या आवाजात त्यांना काही जाणवले की नाही, सांगता येत नाही. मग ते स्वतःहून म्हणाले, "शस्त्रक्रियेच्या वेळी तिचा वायू वाढला होता, तो मी खाली आणला होता. पण आणखी दोन तास तिला माझ्या नजरेखाली ठेवायला हवे होते. ते माझे चुकले." या प्रांजळपणाने आमची मान आणखीच खाली गेली. त्या इस्पितळावर आमचा राग नाही. ज्यांनी आपली चूक रात्री दहा वाजता बाकावर बसून सांगितली, त्यांच्यावर राग कसा धरावा? आणि आम्ही आमची कुठे सांगितली होती?

"पण प्राणवायू तर ९८ होता," आम्ही विचारले.

"मुखवट्यातून प्राणवायू मिळत होता ना. थोडा-थोडा श्वास घेतला तरी रक्तात तो पुरेसा जातो. तो चिमटा आत काय गेले ते सांगतो. बाहेर काय पडले नाही, ते त्याला कळत नाही. बाहेर न पडलेला वायू साचत जातो आणि एका मर्यादेनंतर तोच गुंगी आणतो. गुंगीने श्वास आणखी मंदावतो, वायू आणखी साचतो. दिसायला मात्र माणूस शांत झोपलेला दिसतो."

वाचकहो, आम्ही दरवर्षी सातवीच्या वर्गात चुन्याच्या निवळीचा प्रयोग करून दाखवीत असू. परीक्षानळीत स्वच्छ निवळी घ्यायची, एका मुलाला पुढे बोलवायचे आणि काचेच्या नळीतून हळूहळू फुंकायला सांगायचे. निवळी दुधाळ होते. मुले टाळ्या वाजवितात. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, वहीत लिहून घ्या. ३२ वर्षे आम्ही हे वहीत लिहून दिले, आणि पत्नीच्या उशाशी पाऊण तास बसून आम्हांला त्याची आठवण झाली नाही. आपल्या भाषेने एका वायूला 'प्राणवायू' असे सुंदर नाव दिले आहे, त्यामुळे श्वास म्हणजे घेणे, एवढेच आपल्या मनात राहते. जुनी माणसे विहिरीत गाळ काढायला उतरण्यापूर्वी दोराने कंदील खाली सोडीत आणि तो विझला तर उतरत नसत. त्यांना आमच्याहून अधिक विज्ञान कळत होते.

त्या रात्री डॉक्टरांनी आणखीही काही सांगितले. कधी हाच वायू श्वासपटलाच्या एखाद्या जन्मजात फटीतून छातीत शिरतो आणि फुप्फुसाला दाबून धरतो. तो बहुधा आपोआप जिरतो, पण ते वेळीच ओळखावे लागते. कधी, फारच क्वचित, तो थेट शिरेत जाऊन हृदयापर्यंत पोहोचतो, आणि तो प्रसंग शस्त्रक्रियेच्या टेबलावरच उभा राहतो. कधी भुलेची नळी काढताच स्वरयंत्र घट्ट मिटते. एखादा धट्टाकट्टा तरुण त्या मिटलेल्या गळ्याविरुद्ध जिवाच्या आकांताने श्वास ओढतो, आणि त्या ओढीनेच फुप्फुसांत पाणी भरून गुलाबी फेस येऊ लागतो. म्हणजे बळकट छातीच तेथे घात करते. हे सर्व विरळा आहे, असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि आमचाही तोच आग्रह आहे. हा लेख वाचून कोणी खडे पोटात ठेवून घरी बसू नये. साचलेल्या खड्यांनी होणारी कावीळ आणि स्वादुपिंडाची सूज याहून कितीतरी अधिक जणांना गाठते.

निघताना त्यांनी एक गंमत सांगितली. पोटात वायू भरण्यासाठी जी सुई अनेक ठिकाणी वापरतात, ती व्हेरेस नावाच्या हंगेरीच्या डॉक्टरची. आत एक बोथट टोक आणि त्याला स्प्रिंग; कठीण थर भेदून सुई पोकळीत पोहोचली की बोथट टोक पुढे येते आणि आतील अवयवाला इजा होत नाही. १९३८ मध्ये त्याने तिची माहिती प्रसिद्ध केली, ती पोटासाठी नव्हेच. त्या काळी क्षयरोग्याच्या फुप्फुसाला विसावा मिळावा म्हणून छातीत मुद्दाम हवा भरीत, त्यासाठी ती सुई होती. श्वासाच्या आजारासाठी घडविलेली वस्तू पोटाच्या कामी आली. एरवी हे ऐकून आम्ही दुसऱ्याच दिवशी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी टिपण लिहिले असते. त्या रात्री नुसती मान हलविली.

पहाटेपर्यंत तो ७६ चा आकडा ४४ वर आला. सकाळी नऊ वाजता नळी काढली. तिने डोळे उघडले, या वेळी पुरते, आणि घोगऱ्या आवाजात पाणी मागितले. गळ्याची सूज दुपारपर्यंत निम्मी झाली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साखळी पुन्हा छातीवर आली. ताई दर तासाला बोट लावून पाहत होत्या. कुरमुरे संपले तेव्हा त्यांनी ते साऱ्या विभागाला ऐकू जाईल एवढ्याने जाहीर केले. पुढे तीन-चार दिवस तिचा उजवा खांदा दुखत होता. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा का दुखावा, असे सर्वांना वाटले. त्याचे कारण असे की श्वासपटलाची नस मानेतून येते. वायूने पटल चुरचुरले की मेंदूची फसगत होऊन दुखणे खांद्यात जाणवते. हे पुष्कळांना होते आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. तीन रंगीत चेंडूंचे ते प्लास्टिकचे खेळणेही घरी आले. त्यातून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे, म्हणजे फुप्फुसांचे तळ मिटून राहत नाहीत. नातवाला ते इतके आवडले की आजीच्या पाळीसाठी भांडण होऊ लागले.

वर्षभराने टाळेबंदी आली. २०२० आणि २०२१ मध्ये वसईत घरोघरी तो बोटाचा चिमटा आला. शेजारी एकमेकांना खिडकीतून आकडे सांगत: आमचे ९६, तुमचे? ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ च्या सुमारास ज्या तत्त्वाचा शोध लावला, त्याने त्या दिवसांत अनेकांचे प्राण वाचविले. ते स्वतः नेमके एप्रिल २०२० मध्ये वारले. त्या आजारात त्या आकड्याचे मोल फार मोठे होते आणि आम्हीही रोज चिमटा लावीत असू. परंतु आकडा पाहून झाला की आम्ही घड्याळ काढून एक मिनिट पत्नीची छाती वरखाली होताना मोजीत असू. ती म्हणे, "पुरे झालं हो, नवी नवरी असल्यासारखे काय पाहता?" आम्ही तिला कारण सांगितले नाही.

सांगितले नाही ते हेच, की त्या दुपारी तिला हाक मारायला आलेल्या मुलीला आम्ही परत पाठविले होते. ती परिचारिका दोन दिवसांनी भेटली तेव्हा तिने त्याचा उच्चारही केला नाही. वरिष्ठांनी तिला तक्त्यावरून बोलणी दिली असे आमच्या कानावर आले. तिने आमचे नाव घेतले असते तर तिचा निम्मा दोष उतरला असता. आम्हीही पुढे होऊन काही बोललो नाही. इस्पितळातून घरी जाताना मिठाईचा पुडा मात्र दिला. ती "थँक्यू काका" म्हणाली.

हा मजकूर संपादकांकडे पाठविण्यापूर्वी काल रात्री आम्ही तो पत्नीला वाचून दाखविला. घोरण्याच्या प्रश्नाचा परिच्छेद आला तेव्हा आमचा आवाज बसला. "झोपू द्या तिला" येथे तर कागद हातातून ठेवावा लागला. ती भाजी निवडीत होती. तिने हातातील शेंग मोडून ताटात टाकली आणि काही वेळ नुसती बसून राहिली.

"त्या मुलीचं नाव तरी विचारलं होतंत का?" तिने विचारले.

आम्ही नाही म्हणालो.

"पस्तीस वर्षं घोरते म्हणून हलवून हलवून उठवलंत मला," ती म्हणाली, "आणि नेमकं त्याच दिवशी झोपू दिलंत." मग तिने पुढची शेंग उचलली.